एकदा गर्भ गेल्यानंतरचं गरोदरपण: मनाची तयारी कोणत्या क्रमाने करायची

"तीन महिने होऊ देत, मग बघू." आधी एकदा गर्भपात झालेल्या बाईला पुन्हा दिवस गेले की घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं. बातमी सांगायची तीन महिन्यांनी, कौतुक करायचं तीन महिन्यांनी, आणि जीव घाबरा होतोय हे डॉक्टरांना सांगायचं तेही तीन महिन्यांनी. पहिल्या दोन गोष्टी थांबल्या तरी काही बिघडत नाही. तिसरी थांबवली की बिघडतं, कारण सगळ्यात अवघड दिवस नेमके त्या तीन महिन्यांत येतात.

माझा पहिला गर्भ दहाव्या आठवड्यात गेला. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा फोलिक ॲसिड सुरू होतं, फाइल तयार होती, डॉक्टर ठरले होते. मनासाठी काही तयारी करायची असते, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. नवव्या आठवड्यात गोव्यात, डिचोलीच्या बाजारात तांबड्या भाजीची जुडी हातात धरून मी उभ्या उभ्या रडायला लागले. भाजीवाल्या मावशीने मला पोत्यावर बसवलं आणि पाणी दिलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा कुणाला तरी खरं सांगितलं, तेही एका अनोळखी बाईला.

त्यानंतरच्या वर्षांत डिचोली, सत्तरी, फोंडा भागातल्या बऱ्याच जणींशी या विषयावर बोलणं झालं. चुका त्याच त्या होतात, आणि बहुतेक चुका क्रमाच्या असतात. म्हणून हे टप्प्याटप्प्याने लिहिते आहे. नवऱ्यालाही वाचायला द्या. हा लेख डॉक्टरांच्या जागी नाही; डॉक्टरांपर्यंत वेळेवर आणि नीट पोचण्यासाठी आहे.

टप्पा १. स्ट्रिपवर दोन रेघा येण्याआधी

आधीच गरोदर असाल तर हा टप्पा याच आठवड्यात उरका. कामं तीन आहेत: कागद, प्रश्न आणि औषधं.

कागद म्हणजे मागच्या वेळचा सोनोग्राफी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, पिशवी साफ केली असेल तर त्याची नोंद, आणि रक्तगट. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेव्हा अँटी-डी इंजेक्शन (आईच्या शरीरात पुढच्या बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते) दिलं होतं का, ते कागदावर आहे का पाहा. हे सगळं फाइलीत मागच्या बाजूला ठेवा. माझ्या फाइलीत तो जुना रिपोर्ट सगळ्यात वर होता. प्रत्येक तपासणीला फाइल उघडली की आधी तीच तारीख दिसायची आणि खुर्चीत बसायच्या आतच हात गार पडायचे. पहिल्या पानावर नवीन कोरा कागद लावा आणि त्यावर ठळक लिहा: "पूर्वी एक गर्भपात, दहाव्या आठवड्यात. मला भीती जास्त वाटते. सोनोग्राफीत आधी ठोके आहेत की नाहीत ते सांगावं." तुमचा आठवडा तुम्ही घाला. प्रत्येक नव्या डॉक्टरला आणि नर्सला तीच गोष्ट तोंडाने पहिल्यापासून सांगणं हीसुद्धा एक शिक्षाच असते. ती या कागदाने बरीच टळते.

प्रश्न म्हणजे "का गेलं?" हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा. मला तेव्हा उत्तर मिळालं होतं, "वय आहे अजून, होईल पुन्हा." हे उत्तर झालं नाही. तुम्हाला कळायला हवं ते असं: ओळखलेल्या दर शंभर गरोदरपणांपैकी साधारण १० ते २० गर्भपातात संपतात. पहिल्या तीन महिन्यांत गेलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचाच दोष असतो. तो फलन होतानाच झालेला असतो आणि आईच्या वागण्याशी त्याचा काही संबंध नसतो. एका गर्भपातानंतर बहुतेक जणींचं पुढचं गरोदरपण नीट पार पडतं, म्हणून एकदाच झालं असेल तर सहसा फार तपासण्या करत नाहीत. दोन किंवा जास्त वेळा झालं असेल तर थायरॉइड, अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं (रक्तात गुठळ्या करू शकणारी) आणि गर्भाशयाची ठेवण यांबद्दल स्वतःहून विचारा.

आपल्याकडे दोष बहुतेक वेळा स्कूटरवर येतो. "स्कूटर चालवत होती ना, मग!" पणजीला नोकरीला जाणाऱ्या बाईला दुसरं वाहन कुठलं? खड्ड्यातल्या धक्क्याने, कळशी उचलल्याने, भांडणाने किंवा पपईच्या एखाद्या फोडीने दहाव्या आठवड्यातला निरोगी गर्भ पडत नाही. गरोदरपणी पडण्याची भीती असते म्हणून स्कूटर जपून चालवा किंवा बंद करा. पण मागच्या वेळचं ओझं त्या स्कूटरवरून उतरवा.

औषधं: नैराश्य, घबराट किंवा झोपेसाठी आधीपासून गोळ्या चालू असतील तर त्या देणाऱ्या डॉक्टरांना गरोदरपणाचा विचार आधीच सांगा.

*सावध:* दिवस गेले म्हणून मनाच्या गोळ्या स्वतःहून एका दिवसात बंद करू नका. आजार उलटतो, आणि पहिल्या तीन महिन्यांत उलटलेला सावरणं अवघड जातं. काही औषधं बदलावी लागतात. सोडियम व्हॅलप्रोएट हे त्यातलं मुख्य, कारण त्यापासून गर्भाला खरा धोका असतो. अशी गोळी चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. काही औषधं पुढेही चालू ठेवता येतात. कोणती ठेवायची ते डॉक्टर ठरवतील.

टप्पा २. तीन माणसं ठरवा

"कुणाला सांगू नये" ही रीत पाळायची असेल तर पाळा. पण कुणालाच न सांगणं ही चूक आहे. गर्भ राहिला तरी एकटेपण राहतं, आणि गेला तर रडायलाही माणूस नसतं, कारण कुणाला माहीतच नसतं. निदान तीन जणांना पहिल्या आठवड्यात सांगा, आणि प्रत्येकाला काम वाटून द्या.

पहिलं माणूस रात्रीचं. ज्याच्याकडे गाडी आहे, जो रात्री दोनला फोन उचलेल, आणि तुमच्या घरापासून इस्पितळाचा रस्ता ज्याला ठाऊक आहे. वाळपईच्या आतल्या वाड्यावरून बांबोळीचं मोठं सरकारी इस्पितळ म्हणजे तासाहून जास्त होतो. नवरा जहाजावर किंवा गल्फला असेल तर शेजारचा भाऊ, दीर, कुणीही, पण नाव ठरलेलं हवं.

दुसरं माणूस ऐकणारं. सल्ला न देणारं. बहीण, मैत्रीण, कधी कधी आई. आईला सांगताना जपून, कारण काही आया आपल्याहून जास्त घाबरतात आणि मग त्यांनाच आपण धीर देत बसतो.

तिसरं माणूस ढालीचं. "तिला बरं नाही, आज येणार नाही" असं परस्पर सांगून टाकणारं. हे काम वहिनी किंवा नणंद फार चांगलं करते, आणि तिलाही त्यात मान वाटतो.

नवऱ्याबद्दल वेगळं सांगते. तो "नको गं एवढा विचार करूस" म्हणतो, तेव्हा तो धीर देत असतो, पण तुम्हाला दार लावल्यासारखं वाटतं. त्याचाही गर्भ गेला होता आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं. रात्री जेवण झाल्यावर दहा मिनिटं ठरवा. त्याने एवढंच विचारायचं: "आज कशाची भीती वाटली?" उपाय सुचवायचा नाही. मग तुम्ही त्याला तेच विचारायचं. दहा मिनिटं संपली की विषय बंद.

*तपासा:* तिघांचे नंबर फोनमध्ये आणि कागदावरही आहेत का? पावसात सत्तरीच्या आतल्या गावांत रेंज जाते, तेव्हा कुणाच्या घरी धावायचं ते ठरलंय का?

टप्पा ३. पहिले बारा आठवडे: तपासत राहण्याची सवय

या आठवड्यांत भीती बहुतेक वेळा "पाहण्याच्या" रूपाने येते. बाथरूममध्ये गेलं की कपड्यावर रक्त आहे का पाहायचं. कागदाने पुसून पुन्हा पाहायचं. दिवा लावून पुन्हा. एक दिवस मी मोजलं: एकोणीस वेळा. त्यातल्या बारा वेळा लघवीला लागलेलंच नव्हतं.

पाहिल्यावर दोन मिनिटं बरं वाटतं आणि तिसऱ्या मिनिटाला शंका पुन्हा येते, थोडी मोठी होऊन. म्हणून एकदम बंद करू नका, पायऱ्या करा. पहिले तीन दिवस फक्त मोजा. मग नियम: लघवीला लागली तरच जायचं, एकदाच पाहायचं, दुसऱ्यांदा पुसून पाहायचं नाही. आठवड्याभरात आकडा खाली येतो. रक्त खरोखर आलं तर ते शोधावं लागत नाही, दिसतंच.

याच सवयीची आणखी रूपं आहेत. रोज नवी स्ट्रिप लावून रेघ गडद झाली का पाहणं: रेघेच्या रंगावरून गर्भ कसा आहे ते कळत नाही. मळमळ थांबली म्हणून घाबरणं: मळमळ एखाद दिवस कमी, एखाद दिवस जास्त असते. ऑनलाइन मिळणारं डॉपलर यंत्र मागवून घरी ठोके शोधणं: हे तर करूच नका. सुरुवातीला ठोके सापडतच नाहीत आणि जीव जायची वेळ येते. पुढे आईच्याच रक्तवाहिनीचा आवाज बाळाचा समजून खोटा धीर मिळतो आणि दवाखान्यात जायला उशीर होतो.

तपासणं कमी केलं की ती भीती कुठे तरी ठेवावी लागते. त्यासाठी एक वही घ्या आणि रोजची पंधरा मिनिटं ठरवा. संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावरची वेळ बऱ्याच जणींना जमते. झोपायच्या आधीची नको. दिवसभरात भीती आली की मनाला सांगायचं, "सात वाजता." आणि सात वाजता खरंच बसायचं. प्रत्येक पानावर तीन ओळी. माझ्या वहीतलं एक पान असं होतं:

भीती: आज सकाळपासून स्तन दुखत नाहीत, म्हणजे सगळं संपलं.
आज काही करता येईल का: नाही. रक्त नाही, पोटात कळ नाही. सोनोग्राफी गुरुवारी आहे.
मग: गुरुवारी विचारायचं. आत्ता वही बंद.

कधी दुसऱ्या ओळीचं उत्तर "हो" येतं. उदाहरणार्थ, "थायरॉइडचा रिपोर्ट आणायचा राहिलाय." मग तिसऱ्या ओळीत कोण आणणार आणि कधी, ते लिहा. महिनाभरानंतर मागची पानं चाळली की कळतं, त्याच चार-पाच भीती फिरून फिरून येत असतात.

छातीत धडधड सुरू झाली तर वही कामाची नाही. तेव्हा अनवाणी जमिनीवर पाय टेकून बसा, तळव्यांना गारवा लागू दे. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. बाहेर सोडणं लांब ठेवायचं, गंमत त्यातच आहे. पाच मिनिटं. हे बरं असताना रोज एकदा करून ठेवा. ऐन घबराटीत पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही.

*सावध:* डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना "बेड रेस्ट" घेऊ नका. पडून राहिल्याने गर्भपात टळतो असा पुरावा नाही. दिवसभर आढ्याकडे बघत पडलेल्या बाईच्या मनाचं काय होतं ते मात्र मी पाहिलं आहे. डॉक्टरांनी काही कारणाने विश्रांती सांगितली असेल तर नेमकं विचारा: किती दिवस, चालायचं की नाही, स्वयंपाक चालेल का, नोकरी चालेल का?

टप्पा ४. सोनोग्राफीचा दिवस

गर्भ गेल्याचं ज्यांना सोनोग्राफीच्या खोलीत कळलं, त्यांना ती खोली पुन्हा सहन होत नाही. जेलचा गार स्पर्श, मंद दिवा, डॉक्टरांची शांतता. शरीराला सगळं आठवतं. म्हणून या एका दिवसाची तयारी जास्त करायची.

तारीख. पहिली मोठी चूक इथेच होते: पाचव्या आठवड्यात घाईने सोनोग्राफी करणं. त्या वेळी ठोके दिसायचे नसतातच. डॉक्टर म्हणतात "दहा-बारा दिवसांनी या", आणि ते दहा दिवस बाई जिवंतपणी मरते. घाईची वैद्यकीय गरज नसेल, म्हणजे पोटात दुखणं, रक्त, किंवा आधी गर्भाशयाऐवजी नळीत राहिलेला गर्भ असं काही नसेल, तर सात आठवडे पुरे झाल्यावरची तारीख मागा. पाळी उशिरा येणाऱ्यांनी ते आधीच सांगा, कारण तुमचा सातवा आठवडा कागदावरच्या सातव्या आठवड्याहून मागे असू शकतो.

वेळ सकाळची पहिली घ्या. मागची खोली नको असेल तर दुसरं सोनोग्राफी केंद्र चालेल का, हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. ओळखपत्र न्या, कारण गरोदरपणातल्या प्रत्येक सोनोग्राफीला एफ फॉर्म (लिंगनिदानविरोधी कायद्याखालचा) भरावा लागतो. लिंग विचारू नका, कायद्याने ते सांगता येत नाही.

आत शिरताच, झोपण्याआधी, फाइलीतलं पहिलं पान पुढे करा. शब्द सुचत नसतील तर हे म्हणा: "मागच्या वेळी इथेच कळलं होतं. ठोके दिसले की लगेच सांगाल का? बाकी मापं नंतर घ्या." बहुतेक डॉक्टर मान्य करतात. ते गप्प असतात कारण मापं घेत असतात, हेही स्वतःला आधीच सांगून ठेवा. पडदा पाहायचा नसेल तर पाहू नका. नवऱ्याला आत येऊ देतील का हे फोनवर आधीच विचारा. दारात कळलं की तिथेच धीर सुटतो.

खोलीत झोपल्यावर करायचं काम एकच: साडीचा पदर किंवा ओढणी मुठीत धरा आणि श्वास लांब सोडा.

नंतरचा तासही ठरवून ठेवा. ठोके दिसले तर सरळ ऑफिसला जाऊ नका. कुठेतरी बसा, चहा घ्या. बऱ्याच जणींना चांगली बातमी ऐकूनही रडू फुटतं, आणि दोन-तीन दिवसांत भीती परत येते. त्याचा अर्थ काही वाईट घडतंय असा होत नाही. ठोके दिसल्यावर गर्भ जाण्याची शक्यता बरीच खाली येते, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा. बातमी वाईट असेल तर त्या दिवशी कुठलाही निर्णय घ्यायची सक्ती सहसा नसते. रक्तस्राव किंवा ताप नसेल तर "एक दिवस विचार करून सांगते" म्हणता येतं.

पुढची सोनोग्राफी कधी, हे विचारूनच बाहेर पडा. डॉक्टर तयार असतील तर सुरुवातीला मधे एक जास्तीची ठेवता येते. दर आठवड्याला करत सुटू नका, तीही पाहत राहण्याचीच सवय आहे. नेहमीच्या ठरलेल्या दोन अशा: ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यानची, आणि १८ ते २० आठवड्यांच्या आसपास बाळाचे अवयव पाहणारी.

*तपासा:* गर्भ ज्या आठवड्यात गेला होता तो आठवडा कॅलेंडरवर कुठे येतो? त्या सात दिवसांत मोठं काम, लग्नं, प्रवास ठेवू नका. ऐकणाऱ्या माणसाला ती तारीख सांगून ठेवा.

टप्पा ५. रक्त दिसलं तर काय, हे आधी लिहून ठेवा

फ्रिजवर एक कागद चिकटवा. पहिल्या तीन महिन्यांत चारातल्या जवळजवळ एकीला थोडाफार रक्तस्राव होतो, आणि त्यातल्या पुष्कळ जणींचं गरोदरपण पुढे नीट चालतं. पण डाग दिसला त्या क्षणी डोकं चालत नाही. तेव्हा कागद वाचायचा.

थोडा तपकिरी किंवा लालसर डाग, दुखणं नाही: त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, पॅड लावून किती जातंय ते पाहायचं. आधी गर्भपात झालेला असेल आणि आता रक्त जात असेल तर काही वेळा प्रोजेस्टेरॉन देतात. ते डॉक्टर ठरवतील. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

तासाभरात पॅड भिजणं, पोटात असह्य कळ, एका बाजूला तीव्र दुखणं, खांद्याच्या टोकाला दुखणं, चक्कर, ताप: फोन करत बसायचं नाही, १०८ किंवा रात्रीचं माणूस, सरळ इस्पितळ.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही याच कागदावर लिहा.

टप्पा ६. भीती आहे की आजार

भीती वाटणारच. तिचा आजार झालाय का, हे ओळखायच्या खुणा वेगळ्या. दोन आठवडे बहुतेक दिवस मन खचलेलं किंवा कशातच रस नाही. झोपायची संधी असून झोप नाही. भीतीमुळे खाणं सुटलंय. तपासणीला जाणंच टाळताय, किंवा उलट, दर दोन दिवसांनी दवाखाना गाठताय. गर्भ गेला तो प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा घडल्यासारखा येतो. "मी नसते तर बरं" असा विचार येतो.

मोजायला एक साधन आहे: एडिंबरा प्रश्नावली. १९८७ साली तयार झाली, बाळंतिणींमधलं नैराश्य ओळखण्यासाठी, पण गरोदरपणीही वापरतात. मागच्या सात दिवसांबद्दल १० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. एकूण १३ किंवा जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. १० च्या पुढे असतील तर दोन आठवड्यांनी पुन्हा भरा आणि तोवर कुणाशी तरी बोला. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही आलं तर एकूण गुण पाहू नका, त्याच दिवशी मदत घ्या. या प्रश्नावलीने निदान होत नाही. डॉक्टरांसमोर "मला कसंतरी होतंय" याऐवजी एक आकडा ठेवता येतो.

हे गरोदरपणीच का पाहायचं, त्याला गोव्यातलाच पुरावा आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, इथल्या बाळंतिणींवरच्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांना नैराश्य होतं. आणि त्यांच्यातल्या ७८ टक्के जणींना गरोदरपणीच लक्षणीय मानसिक त्रास चालू होता. म्हणजे "बाळ झालं की आपोआप ठीक होईल" ही समजूत पुष्कळ जणींच्या बाबतीत खोटी ठरते.

कुठे जायचं? पहिलं दार तुमच्याच स्त्रीरोगतज्ज्ञांचं किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथेही सांगता येतं. म्हापसा आणि मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे, आणि बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे. रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर केंद्र सरकारची टेली-मानस: १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

बांबोळीच्या त्या संस्थेचं नाव काढलं की घरात आवाज खाली जातात. "कुणी पाहिलं तर?" मी गेले तेव्हा चेहऱ्यावर ओढणी घेऊन गेले होते. आत केसपेपर काढायच्या रांगेत माझ्याच गावची एक बाई भेटली. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि बाकावर माझ्यासाठी जागा केली. तिथे काय होतं, तर डॉक्टर अर्धा-पाऊण तास प्रश्न विचारतात, झोप, भूक, विचार, घर. मग बहुतेक वेळा आधी समुपदेशन, गरज वाटली तर गरोदरपणी चालतील अशा गोळ्या. माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंधनकारक आहे. आणि "वेडी ठरवून बाळ काढून घेतील" या भीतीलाही त्याच कायद्यात उत्तर आहे: उपचारासाठी भरती व्हावं लागलं तरी तीन वर्षांखालच्या मुलाला सर्वसाधारणपणे आईपासून वेगळं करायचं नाही.

*सावध:* जीव द्यावासा वाटतोय, किंवा तशी तयारी मनात चालली आहे, तर एकटं राहू नका. जवळच्या माणसाला आत्ता सांगा, १४४१६ किंवा १०८ लावा, जवळच्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा. घरच्यांनी अशा वेळी "नाटकं करतेय" म्हणू नये. औषधं, कीटकनाशकं, दोर हाताशी राहणार नाहीत हे पाहावं आणि सोबत बसावं.

टप्पा ७. घर, देऊळ, चतुर्थी, ऑफिस

घरातल्या मोठ्यांशी श्रद्धेवरून वाद घालू नका. सासूबाईंना प्रसाद लावून कौल घ्यायचा असेल, दृष्ट काढायची असेल, तर त्यांच्या भीतीला तोच रस्ता माहीत आहे. दोनच अटी प्रेमाने घाला: तपासणी आणि गोळ्या चुकणार नाहीत, आणि मागच्या वेळचा दोष माझ्यावर येणार नाही. कुणी दिलेलं झाडपाल्याचं औषध डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, अश्वगंधासुद्धा.

चतुर्थीत मात्र आधीच ठरवा. अख्खं गोत एका घरात, माटोळी (गणपतीवर टांगायची फळं-पानांची चौकट) बांधायची, सकाळपासून चूल, आणि दर दुसरी पाहुणी विचारणार, "काय गं, काही विशेष?" हे उत्तर पाठ करून ठेवा: "असलं की सांगेन हं काकी." आणि आत निघून जा. ढालीचं माणूस आसपास हवं. पोळपाटाशी तासन्‌तास उकिडवं बसायचं काम दुसरीला द्या, कुणी काही म्हणालं तर ढालीकडे बोट दाखवा.

पाचव्या-सातव्या महिन्यात फुलं माळायची (डोहाळजेवणासारखा सोहळा) की नाही, यावर दोन्ही बाजूंनी दडपण येतं. एकीला तो दिवस हवा असतो, मागच्या वेळी राहून गेला म्हणून. दुसरीला केसात फुलं नुसती पाहूनच धस्स होतं. तुम्हाला हवं तेच खरं. घरच्या घरी चार जणींत केलं तरी होतं.

ऑफिसात एका वरिष्ठाला सांगा. गर्भपातानंतर सहा आठवड्यांच्या पगारी रजेची तरतूद कायद्यात आहे. मागच्या वेळी ती कुणी सांगितली नसेल तर निदान या वेळी नियम विचारून ठेवा.

टप्पा ८. मधले महिने: जीव लावायला भीती

पाचव्या महिन्यात पोट दिसायला लागतं आणि बाकी सगळे सुटकेचा श्वास टाकतात. बाई मात्र कधी कधी दगडासारखी होते. बाळाबद्दल बोलत नाही, पोटावर हात ठेवत नाही. "या वेळी जीवच लावला नाही तर गेलं तरी दुखणार नाही," हा तो हिशोब. हा हिशोब जमत नाही. दुःख तेवढंच होतं. पण स्वतःला त्याबद्दल बोल लावू नका, तुम्ही वाईट आई नाही. दिवसातून एकदा, आंघोळीनंतर, पोटावर हात ठेवून आजच्यापुरतं एक वाक्य बोला: "आज आहेस." उद्याचं काही नाही. एवढंच पहिले काही आठवडे पुरतं.

गेलेल्या बाळाची जी प्रसूतीची तारीख होती, तीही याच काळात येऊ शकते. त्या दिवशी दिवा लावा, झाड लावा, किंवा नुसतं नवऱ्याबरोबर मांडवीच्या काठाने चालून या. पहिल्याला आठवल्याने दुसऱ्याचं काही वाईट होत नाही.

हालचाल साधारण १६ ते २० आठवड्यांत जाणवू लागते. मोजायला सुरुवात २८ आठवड्यांनंतर. दिवसातून एकदा, बाळ नेहमी जागं असतं त्या वेळी, डाव्या कुशीवर झोपून: दोन तासांत दहा हालचाली. दिवसभर मोजत राहू नका.

*सावध:* हालचाल नेहमीपेक्षा स्पष्ट कमी वाटली तर "उगाच घाबरते म्हणतील" म्हणून रात्र काढू नका. त्याच दिवशी इस्पितळात जा. दहा वेळा उगाच गेलात तरी चालेल. वर तपासणं कमी करा म्हटलं, ते याला लागू नाही.

टप्पा ९. बाळंतपण आणि नंतरचे सहा आठवडे

आठव्या महिन्यात प्रसूतीच्या इस्पितळात नर्सला फाइलीतलं पहिलं पान पुन्हा दाखवा. कळा सुरू झाल्यावर ते सांगायचं भान नसतं.

बाळ झालं की सगळे म्हणतात, "आता झालं ना, विसर सगळं." त्याच वेळी काही जणी रात्रभर बाळाचा श्वास चालू आहे का ते पाहत जाग्या राहतात. तीच जुनी सवय, आता पाळण्याशी. टप्पा ३ मधला नियम इथेही चालतो: बाळ दूध पितंय, लघवी करतंय, अंगाने गरम-गार वाटत नाही, मग दर पाच मिनिटांनी उठायचं नाही. रात्री सलग चार तासांची झोप तुम्हाला मिळायलाच हवी. तेवढा वेळ बाळाजवळ कोण बसणार ते नवरा, आई, सासूबाई यांनी आधीच वाटून घ्यावं.

बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं बहुतेक जणींना होतं आणि ओसरतं. ओसरलं नाही, किंवा बाई दोन-दोन रात्री झोपत नाही, असंबद्ध बोलते, बाळाविषयी विचित्र संशय घेते, तर ती तातडीची वेळ आहे. त्याच दिवशी इस्पितळ.

सहा आठवड्यांनी बाळाच्या लशींची तारीख असते. बाळाचं कार्ड घेताना एडिंबरा प्रश्नावलीचा भरलेला कागदही त्याच पिशवीत घाला, आणि बाळाला टोचून झाल्यावर तिथल्याच डॉक्टरांपुढे ठेवा.